भाकरी, ऊन आणि हाडे

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचे नाव ज्वारीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. 1930 च्या दशकात तेथील संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी 35-1’ हा वाण तयार झाला. जमिनीतल्या ओलीवर येणारी ही रब्बी ज्वारी आजही शेतकरी पेरतात. तिची भाकरी चवदार आणि कडबाही चांगला. या भाकरीवर वाढणाऱ्या माणसांच्या हाडांचे काय, हा प्रश्न मात्र आपण वर्गात क्वचितच विचारतो.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. प्रथिनांच्या जाळीवर कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार बसून ते घडते. काही पेशी जुने हाड विरघळवतात, तर काही नवे बांधतात. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा सर्वाधिक असतो. पुढे झीज वाढते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने स्त्रियांमध्ये ती अधिक वेगाने होते. हा संबंध अमेरिकेतील फुलर अल्ब्राइट यांनी 1940 च्या सुमारास मांडला. हाडे अशी विरळ होण्यालाच अस्थिसुषिरता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. माळवदाच्या घराच्या तुळया एकेक करून काढल्या, तर घर बाहेरून तसेच दिसते. पण एखाद्या पावसात छत खाली येते. तसेच इथे साध्या पडण्याने खुब्याचे किंवा मनगटाचे हाड मोडते.

मुडदूस हा वेगळा आजार आहे. त्यात जाळी तयार होते, पण तिच्यावर क्षार नीट बसत नाहीत आणि मुलांची हाडे वाकतात. त्याच्या शोधात आपल्या नाशिकचाही वाटा आहे. 1920 च्या दशकाच्या आरंभी हचिसन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तेथील कुटुंबांची पाहणी केली. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, पण बायकामुलांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत मुडदूस आढळला. शेतात राबणाऱ्या गरिबांचे अन्न निकृष्ट असूनही त्यांची मुले त्यातून वाचली होती. फरक उन्हाचा होता. उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या मदतीने आतडे अन्नातील कॅल्शियम शोषून घेते.

मग उन्हात वावरणाऱ्यांना काळजीच नाही, असे समजायचे का? तसे नाही. अन्नात कॅल्शियमच कमी असेल, तर आतडे शोषणार काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी 2005 साली कमी उत्पन्न गटातील 30 ते 60 वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आहारात दिवसाला सरासरी 270 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम होते, आणि सुमारे 29 टक्के स्त्रियांमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेत अस्थिसुषिरता आढळली.

आता भाकरीचा हिशेब करू. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 28 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दिवसभरात 300 ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, तरी 84 मिलिग्रॅमच मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलामुलींना रोज 1000 मिलिग्रॅम लागते. दोष ज्वारीचा नाही. ती ऊर्जा आणि प्रथिने देते. कॅल्शियमसाठी तिला जोड हवी. एक पेला दुधात सुमारे 240 मिलिग्रॅम असते, 100 ग्रॅम नाचणीत 350 च्या आसपास. दही-ताक आणि शेवग्याचा पाला हेही उपयोगी. पण कडबा खाणाऱ्या म्हशीचे दूध अनेक घरांतून डेअरीला जाते, उरलेले चहात, आणि मुलींच्या वाट्याला सर्वांत शेवटी येते.

म्हाताऱ्या माणसांचा समजला जाणारा हा आजार त्यामुळेच शाळेचाही विषय ठरतो. उतारवयात जो साठा खर्च व्हायचा, तो मोठ्या प्रमाणात किशोरवयात जमतो. उड्या मारणे, पळणे, खो-खो यांनी हाडांवर भार पडतो व ती बळकट होतात. खेळाच्या तासाला मुली सावलीत बसून राहत असतील, तर त्यांचे ऊन आणि व्यायाम दोन्ही बुडतात.

वर्गात एक प्रयोग करा. कोंबडीच्या पायाचे स्वच्छ हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा. क्षार विरघळून ते रबरासारखे वाकेल. मग मुलांना काल दिवसभर काय काय खाल्ले ते लिहायला सांगा आणि त्यातले कॅल्शियम मोजा. मुलामुलींचे आकडे वेगवेगळे मांडा. फरक दिसला, तर त्याची चर्चा पालकसभेतही व्हायला हवी.