महाविद्यालयीन आहारतज्ज्ञ

महाविद्यालयीन आहारतज्ज्ञ म्हणजे महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांना आहारविषयक सल्ला आणि उपचारात्मक मार्गदर्शन देणारी प्रशिक्षित व्यक्ती होय. हे पद प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निवासी विद्यापीठांत रूढ झाले आहे. तेथे आहारतज्ज्ञाची नेमणूक साधारणतः विद्यार्थी आरोग्य केंद्रात किंवा भोजन विभागात केली जाते. आरोग्य केंद्रातील आहारतज्ज्ञाचे काम एकेका विद्यार्थ्याशी, तर भोजन विभागातील आहारतज्ज्ञाचे काम मुख्यतः स्वयंपाकघराशी निगडित असते. लहान संस्थांत ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असू शकतात.

इतिहास

संस्थात्मक भोजनाचा शास्त्रीय विचार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गृहविज्ञान चळवळीतून पुढे आला. या चळवळीच्या प्रणेत्या रसायनशास्त्रज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांनी १८९० मध्ये बॉस्टन येथे स्वस्त व पौष्टिक अन्न पुरवणारे 'न्यू इंग्लंड किचन' सुरू करण्यात पुढाकार घेतला. १९१७ मध्ये लेना कूपर व लुलू ग्रेव्ह्‌ज यांच्या नेतृत्वाखाली क्लीव्हलँड येथे 'अमेरिकन डायटेटिक असोसिएशन'ची स्थापना झाली. २०१२ पासून ही संस्था 'ॲकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स' या नावाने ओळखली जाते. महाविद्यालयीन भोजनसेवांची राष्ट्रीय संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली.

शिक्षण व पात्रता

अमेरिकेत 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' ही पदवी १९६९ पासून दिली जाते. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, किमान १,००० तासांचे देखरेखीखालील प्रात्यक्षिक आणि नोंदणी परीक्षा आवश्यक असते. १ जानेवारी २०२४ पासून या परीक्षेस प्रथमच बसण्यासाठी किमान पदव्युत्तर पदवीची अट लागू झाली आहे.

कार्यस्वरूप

वैयक्तिक सल्लामसलतीत आहारतज्ज्ञ विद्यार्थ्याचा मागील चोवीस तासांतील आहार, वर्गांचे वेळापत्रक, झोप, औषधे, खर्चाची मर्यादा आणि स्वयंपाकाची सोय यांची माहिती घेतो. वसतिगृहाच्या खोलीत अनेकदा केवळ लहान फ्रीज व मायक्रोवेव्ह एवढीच साधने असतात. त्यामुळे रुग्णालयातील आहारतक्ता जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळी सलग वर्ग असल्यास सोबत काय न्यावे, भोजनगृह बंद झाल्यावर अभ्यास करताना काय खावे, अशा प्रश्नांची उत्तरे या कामात शोधावी लागतात. मधुमेह, रक्तक्षय, आतड्यांचे विकार आणि खेळाडूंच्या गरजा हे सल्ल्याचे नेहमीचे विषय आहेत.

भोजन विभागातील कामात पाककृतींची तपासणी, घटकपदार्थांच्या नोंदी, पदार्थांवरील सूचनापट्ट्या आणि स्वयंपाक्यांचे प्रशिक्षण यांचा समावेश होतो.

ॲलर्जी व सीलियाक आजार

या क्षेत्रात चुकीची किंमत सर्वाधिक असते ती अन्नाच्या ॲलर्जीबाबत. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया काही मिनिटांत जिवावर बेतू शकते आणि तिच्यावर एपिनेफ्रिन हाच प्राथमिक उपचार असतो. अमेरिकेत दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, कठीण कवचाची फळे, शेंगदाणा, गहू आणि सोयाबीन हे आठ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ २००४ च्या कायद्याने निश्चित झाले. २०२१ च्या कायद्याने त्यांत तिळाची भर घालण्यात आली व ती तरतूद १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली.

सीलियाक आजारात गहू, बार्ली व राय यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते. अमेरिकेत 'ग्लूटेनमुक्त' असे लिहिलेल्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा कमी असावे लागते. सामायिक स्वयंपाकघरात ही मर्यादा पाळणे कठीण असते. एकच चिमटा, एकच टोस्टर किंवा तळणीचे एकच तेल वापरल्याने मुळात सुरक्षित असलेला पदार्थही दूषित होतो. म्हणून अनेक विद्यापीठांत स्वतंत्र भांडी व स्वतंत्र वाढप कक्ष ठेवले जातात.

या प्रश्नाला कायदेशीर बाजूही आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेस्ली विद्यापीठात भोजन योजना सक्तीची होती, परंतु सीलियाक आजार किंवा ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांना तेथे पुरेसे सुरक्षित अन्न मिळत नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी झालेल्या समझोत्यानुसार विद्यापीठाने सुरक्षित अन्न उपलब्ध करून देण्याचे व ५०,००० डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. अन्नाची तीव्र ॲलर्जी ही अपंगत्वविषयक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हे या समझोत्यामुळे महाविद्यालयांच्या लक्षात आले.

खाण्याचे विकार

ॲनोरेक्सिया, बुलिमिया आणि अनियंत्रित खाण्याचा विकार बहुधा किशोरवयात किंवा तारुण्याच्या आरंभी सुरू होतात. मानसिक आजारांपैकी सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते. आहारतज्ज्ञ या विकारांवर एकटा उपचार करीत नाही, तर डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ यांच्यासह काम करतो. प्राथमिक चाळणीसाठी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली 'स्कॉफ' ही पाच प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायकरीत्या घटू शकते. त्यामुळे अतिकृश विद्यार्थ्यास रुग्णालयात पाठवण्याचा निर्णय वेळीच घ्यावा लागतो.

पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांचे वजन १५ पौंडांनी (सुमारे ६.८ किलो) वाढते, ही अमेरिकेतील प्रचलित समजूत आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या विश्लेषणात ही वाढ सरासरी २.५ ते ३.५ पौंड एवढीच आढळली. अशा समजुतींमुळे अनावश्यक भीती निर्माण होते. भोजनगृहातील पदार्थांवर उष्मांक लिहावेत की नाही, याविषयीही मतभेद आहेत. काहींना ही माहिती उपयुक्त वाटते, तर खाण्याचे विकार असलेल्यांसाठी ती अपायकारक ठरू शकते, असे इतरांचे मत आहे.

अन्न असुरक्षितता

पुरेसे अन्न विकत घेण्यास पैसे नसणे, ही समस्या महाविद्यालयांतही आढळते. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ मध्ये विद्यार्थ्यांनी चालवलेली अन्नपेढी सुरू झाली. भोजन योजनेतील न वापरलेली जेवणे गरजूंना देणारा 'स्वाइप आउट हंगर' हा उपक्रम २०१० मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाला. अशा विद्यार्थ्याला महागडी फळे किंवा मासे सुचवणे व्यर्थ असते. म्हणून प्रथम त्याला अन्न मिळते की नाही, हे विचारणे हा सल्ल्याचा भाग मानला जातो. विद्यार्थी व्हिसावरील परदेशी विद्यार्थ्यांना शासनाच्या अन्नसाहाय्य योजनेचा लाभ मिळत नाही. साहजिकच भारतातून गेलेल्या गरजू विद्यार्थ्यांना आवारातील अन्नपेढीचाच आधार असतो.

भारतातील स्थिती

'इंडियन डायटेटिक असोसिएशन'ची स्थापना १९६३ मध्ये झाली. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोग कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. मुंबईतील सर विठ्ठलदास ठाकरसी व निर्मला निकेतन या गृहविज्ञान महाविद्यालयांत आहारशास्त्राचे शिक्षण दिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना आवारात जंक फूडवर बंदी घालण्याची सूचना केली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 'ईट राइट कॅम्पस' हा उपक्रमही आवारातील भोजनाशी संबंधित आहे. तथापि, महाविद्यालयांत आहारतज्ज्ञाचे स्वतंत्र पद अद्याप रूढ झालेले नाही. वसतिगृहाच्या मेसचा आहार सामान्यतः कंत्राटदार व मेस समिती ठरवतात.

येथील गरजा काहीशा वेगळ्या आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मांस, मासे व अंडी वर्ज्य करणाऱ्यांत जीवनसत्त्व ब-१२ च्या कमतरतेचा धोका असतो. मराठी स्वयंपाकात दाण्याचे कूट व तीळ अनेक भाज्या, कोशिंबिरी आणि चटण्यांत असतात. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. त्यामुळे ॲलर्जी किंवा सीलियाक आजार असलेल्या विद्यार्थ्यासाठी केवळ पोळी टाळणे पुरेसे नसते. फोडणीतील घटकही तपासावे लागतात.

हे सुद्धा पहा

आहारशास्त्र
अन्नाची ॲलर्जी
सीलियाक आजार
रक्तक्षय