शेख, अमर

(२० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९). मराठी शाहीर, कवी, नट आणि कामगार चळवळीतले कार्यकर्ते. जन्म बार्शी, जि. सोलापूर. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ‘अमर’ हे नाव पुढे मित्रमंडळींनी दिले आणि महाराष्ट्राने तेच उचलले.

घरची गरिबी. गाण्याचा कान आई मुनेरबी यांच्याकडून आला; जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत होती. शाळा फार झाली नाही. मोटारीवर क्लीनरचे काम केले, मग बार्शीच्या गिरणीत लागले. गिरणीतल्या संपाने त्यांना पुढारी केले आणि तुरुंगही दाखवला. विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि लाल बावट्याशी नाते जुळले, ते पुढे बरीच वर्षे टिकले. मधल्या काळात कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या चित्रपटसंस्थेतही त्यांनी दिवस काढले. सिनेमाची ओढ होतीच. पण आवाजाला माणसांनी फुललेले मैदान लागत होते आणि ते मुंबईत होते.

मुंबईत १९४३ साली ‘इप्टा’ ही जननाट्य संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढले. एक बार्शीचा मुसलमान गिरणी कामगार, एक वाटेगावचा मातंग आणि तिसरे गव्हाणकर. परळ-लालबागच्या चाळींसमोरच्या मोकळ्या जागा हे त्यांचे थिएटर. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि मागे झीलकरी, एवढ्यावर खेळ उभा राहायचा. जुन्या तमाशातला गण गणपतीचा. या मंडळींनी तो कष्टकऱ्यांच्या आणि मातीच्या वंदनाकडे वळवला. गवळण गळाली, बतावणीत सावकार आणि शेटजी आले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा ‘लोकनाट्य’ हे सोवळे नाव पुढे आले. नाव बदलले तरी ढोलकी तीच होती.

तिघांत लेखणीचा जोर अण्णा भाऊंचा आणि गळ्याचा अमर शेखांचा, असे सर्रास म्हटले जाते. अर्धे खरे आहे. अमर शेख स्वतः कवी होते आणि त्याकडे दुर्लक्ष होण्याचे मोठे कारण त्यांचा आवाजच. पहाडी, खणखणीत, वरच्या पट्टीत न फाटणारा. त्या आवाजात ऐकलेले शब्द कोणाचे, हे विचारायला कोणाला सवड होती?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या आवाजाचे खरे मोल कळले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अमर शेखांनी गावोगावच्या सभांत गाजवली. तिची घडण पाहण्यासारखी आहे. सुरुवात होते ती पोटासाठी मुंबईला निघालेल्या गड्याच्या विरहाने. गावी राहिलेल्या बायकोचे रूप, निरोप देतानाची तिची घालमेल. ऐकणारे बहुतेक गिरणी कामगार, त्यांचीही बायका-पोरे कोकणात आणि घाटावर. श्रोता असा घरच्या आठवणीने हळवा झाला की गाणे अलगद बेळगाव, कारवार, निपाणीकडे वळते आणि मागे राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख होऊन जाते. सीमाप्रश्न एवढ्या सोप्या वाटेने सामान्य माणसाच्या पोटात क्वचितच शिरला असेल. गोवामुक्तीच्या लढ्यासाठीही अमर शेखांचा डफ असाच वाजला.

विदर्भातल्या, विशेषतः यवतमाळच्या, वाचकाला या कहाणीत एक पेच दिसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातून निघून यवतमाळ जिल्हा उरलेल्या विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात आला. याच जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे स्वतंत्र विदर्भाचे खंदे पुरस्कर्ते; १९६२ साली ते नागपुरातून लोकसभेवर निवडूनही गेले. म्हणजे शिवाजी पार्कावर जे गाणे सगळ्यांच्या मनातले वाटत होते, ते वऱ्हाडात तसेच्या तसे सगळ्यांच्या मनातले नव्हते. इतिहास मात्र चकवा देतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये त्याची सूत्रे यवतमाळ जिल्ह्यातल्याच गहुलीच्या वसंतराव नाईकांकडे गेली. अमर शेख वारले तेव्हा त्यांनी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला त्या राज्याचे मुख्यमंत्री याच जिल्ह्याचे होते.

लढ्यात उतरणाऱ्या कलावंतांची ही जात एकट्या महाराष्ट्रातली नव्हे. जॅझच्या जमान्यात पॅरिस गाजवणारी जोसेफिन बेकर १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात फ्रेंच गणवेश घालून बोलायला उभी राहिली. गायक-नट पॉल रोबसन यांचा पासपोर्ट अमेरिकन सरकारने १९५० मध्ये काढून घेतला आणि १९५८ पर्यंत दिला नाही. त्याच १९५८ मध्ये त्यांची साठी भारतात साजरी झाली, समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. मुंबईत खुद्द जॅझही होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजत होता. ताजच्या नृत्यगृहापासून लालबाग काही कोस, पण एका शहराचे हे दोन कान एकमेकांचे फारसे ऐकत नव्हते.

पडद्यावर अमर शेख थोडे दिसले, पण लक्षात राहिले. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) मध्ये ते होते. ‘प्रपंच’ (१९६१) मध्ये कर्जात आणि लेकरांच्या लेंढारात बुडालेला कुंभार त्यांनी केला, समोर सुलोचना. सभेतल्या गर्जनेचा मागमूसही त्या भूमिकेत नाही. थकलेला, आतल्या आत आटत गेलेला माणूस आहे. ‘अमरगीत’ (१९५१), ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ (१९५१) हे नाटक. अत्र्यांनी त्यांना रशियन क्रांतिकवीच्या नावाने ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले. अत्र्यांच्या विशेषणांतून नेहमीची सूट वजा केली तरी बरेच उरते. समीक्षकांनी मात्र हे संग्रह व्यासपीठाची कविता म्हणून बाजूला ठेवले, आणि हा न्याय नव्हे.

१९६२ आणि १९६५ च्या युद्धांत त्यांनी संरक्षण निधीसाठी कार्यक्रम केले. पैसा गोळा करणाऱ्या या माणसाच्या गाठीला काही राहिले नाही. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. सहा आठवडे उलटतात तोच, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे. ज्यांना अमर शेखांना हलता-बोलताना पाहायचे आहे, त्यांनी आधी ‘प्रपंच’ पाहावा आणि मग ‘कलश’ उघडावा.