हस्कीची नोकरी, कारवानीची नोकरी आणि आपला गावठी

नेहमीप्रमाणे हा ऐकलेल्या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये रेंज जाते तेव्हा वाचायला बरा पडतो.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. नवरा-बायको दोघंही नोकरीला, नुकतेच कान्हे स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेत. सकाळी आठची पुणे लोकल, घरी यायला रात्रीचे आठ. प्रश्न असा: "आम्हाला हस्की घ्यायचाय. मावळात हवा थंड असते, तर चालेल ना? नाहीतर आमच्या लाइफस्टाइलला कुठली ब्रीड सूट होईल?"

मी पण कान्ह्याचाच, त्यामुळे 'थंड हवा' वाचून जरा हसू आलं. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता कान्हे फाट्यावर उभे राहा, मग बोलू. पण प्रश्न मनापासून विचारलाय आणि त्यात पुढची बारा-पंधरा वर्षं अडकलीत. त्यांची आणि कुत्र्याचीही. म्हणून आधी थोडा इतिहास.

कुत्र्याची जात म्हणजे मुळात एक नोकरी. आज आपण फोटो बघून ब्रीड निवडतो, पण पूर्वी माणसाला आधी काम पडायचं, मग त्या कामाचा कुत्रा पिढ्यानपिढ्या घडवला जायचा. डॅशहंडच्या नावातलं 'डाख्स' म्हणजे जर्मन भाषेत बॅजर. त्या प्राण्याच्या बिळात घुसता यावं म्हणून ते लांब अंग आणि आखूड पाय. डोबरमन हे तर चक्क माणसाचं आडनाव. लुई डोबरमन हा एकोणिसाव्या शतकातला जर्मनीतल्या अपोल्डा गावचा करवसुली करणारा गृहस्थ. पैसे घेऊन एकटं फिरायचं, तर सोबत अंगावर जाणारा कुत्रा हवा, म्हणून त्याने तो तयार केला. जर्मन शेफर्ड 1899 साली माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून उभा केला. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या बर्फगार पाण्यात कोळ्यांसोबत मासे आणि जाळी ओढत होते. आपल्या सोसायटीतला लॅब डबकं दिसलं की त्यात का बसतो, याचं उत्तर तिथे आहे.

आणि हस्की? सायबेरियातल्या चुक्ची लोकांचा हा गाडी ओढणारा कुत्रा. 1925 च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. तेव्हा वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून टप्प्याटप्प्याने जवळजवळ 1,085 किलोमीटर औषध पोचवलं, सुमारे साडेपाच दिवसांत. बाल्टो आणि टोगो ही त्यातल्या कुत्र्यांची नावं आजही घेतली जातात. अंगावर केसांचे दोन थर, आणि दिवसभर पळण्याची नुसती क्षमता नाही तर गरज. आता हा प्राणी वन बीएचकेमध्ये बारा तास बंद ठेवला तर तो सोफा फाडणारच. त्याला पळायचंय, गाडी नाही मिळाली म्हणून त्याने सोफा घेतला.

आपल्याकडे नोकरीचे कुत्रे नव्हते का? होते की. कारवानी म्हणा, मुधोळ म्हणा. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, निमुळतं तोंड. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर पश्चिमेकडून आला म्हणून कारवानी, असं सांगतात. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. दख्खनच्या उघड्या माळावर ससा दिसला की सुटायचं आणि गाठायचं, एवढंच काम. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या मालोजीराजे घोरपड्यांनी या कुत्र्यांची पैदास नीट लावली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. 2016 मध्ये तो मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणाला गेला. गंमत म्हणजे अनेकांना तो उपाशी वाटतो. बाबांनो, उपाशी नाही तो, धावपटू आहे! पण फ्लॅटमध्ये तोही हस्कीइतकाच अडचणीत येईल. आणि मावळात मोकळा सोडलात तर शेजाऱ्याची कोंबडी हा त्याच्या लेखी ससाच. भांडण तुम्ही निस्तरायचं.

कुत्र्यांच्या मराठी इतिहासात माझा सगळ्यात आवडता किस्सा साताऱ्याचा. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, अशी हकीकत ग्रँट डफने नोंदवली आहे. महाराजांनी मग कुत्र्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात, कधी गेलात तर बघा. (रायगडच्या वाघ्याबद्दल कमेंट येणार हे माहितीय. त्या वादासाठी वेगळा भाग करावा लागेल, आज नको.) मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते: खंड्याची जात कुठली याची कुणाला पडलेली नाही. त्याने काय केलं, ते लोकांनी लक्षात ठेवलं.

मग आपण जात बघायला कधी लागलो? ही बऱ्यापैकी विलायती सवय आहे. 1859 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आधुनिक पद्धतीचं पहिलं श्वानप्रदर्शन भरलं, 1873 ला लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. कागदावर वंशावळ आली, दिसणं महत्त्वाचं झालं, काम मागे पडलं. साहेबाबरोबर ते सगळं इथे आलं आणि गल्लीतला कुत्रा 'पराया' ठरला. इंग्रजांनी वापरलेला 'पराया' हा शब्द तमिळ भागातल्या एका दलित जातीच्या नावावरून उचललेला आहे. म्हणजे माणसांतली उतरंड सरळ कुत्र्यांवर लादली. मुंबईत तर 1832 च्या जूनमध्ये पोलिसांनी भटके कुत्रे मारायला घेतले, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, शहर बंद पाडलं. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे.

पुढे फॅशन टीव्हीने ठरवली. 1994 ला 'हम आपके है कौन' मधला टफी आला आणि घरोघरी पांढरी 'पॉमेरियन' आली. खरं तर ते इंडियन स्पिट्झ. 2003 च्या हचच्या जाहिरातीनंतर पग. चपट्या नाकामुळे पगला उकाड्यात श्वास घेणं जड जातं, पण जाहिरातीत घोरणं ऐकू येत नाही ना.

आता आपल्या कान्ह्याकडे. इथे कुत्र्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. वर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा नाही, पण आवणीच्या दिवसांत कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तर दाट केसांचं कुत्रं कसं वाळणार? कातडीला बुरशी, कानात जंतू. पाऊस सरला की गवतातले गोचीड, आणि गोचिडाचा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. फार्महाऊसवाल्यांसाठी आणखी एक. आपल्या डोंगरात बिबट्या आहे. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला. रात्री अंगणात साखळीला बांधलेला महागडा राखणदार म्हणजे त्याला वाढलेलं ताट. वीकेंडचा बंगला, सोमवार ते शुक्रवार कुत्रा एकटा, हे तर मला अजिबात पटत नाही.

गावठीचं काय? त्याची नोकरी कुणी ठरवली नाही. हजारो वर्षं ऊन, पाऊस, गोचीड आणि माणसांचे दगड यातून जो टिकला तो उरला. आखूड केस, उभे कान, काटक. इथल्या हवेला याच्याइतका सूट होणारा दुसरा नाही. पण तो फुकट मिळतो म्हणून सोपा आहे असं समजू नका. हुशार असतो, हद्द राखतो, भुंकतो. त्यालाही लस, नसबंदी, दोन वेळचं फिरणं आणि माणूस लागतो.

तर मित्रा, तुझ्या मेसेजला माझं उत्तर असं. हस्की नको. बारा तास घर बंद राहणार असेल तर सध्या पिल्लू कुठलंच नको, गावठी सुद्धा. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी कुणीतरी लागतं. तू लिहिलंयस की दिवाळीनंतर आई गावाहून कायमची येणार आहे. तिला आधी विचार, कारण दुपारी कुत्र्यासोबत तीच असणार आहे. ती हो म्हणाली तर दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं कुत्रं दत्तक घे. आणि तरीही विकतच घ्यायचं ठरलं, तर 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद माग, पिल्लाची आई बघायला माग. दाखवत नसेल तर उठून ये.

आईचं काय म्हणणं पडलं ते मात्र कळव.