खापरे काय सांगतात, काय सांगत नाहीत

ताम्रपाषाण युगातल्या महाराष्ट्रावर कुठेही बोललो, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "हे लोक मूळचे कोण? आपलेच पूर्वज का?" प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो खापरांना विचारला, तर ती गप्प राहतात. वेगळे प्रश्न विचारले, की मात्र तीच खापरे भरभरून बोलतात.

आपल्या नद्यांच्या काठी 'पांढरीची टेकाडे' असतात. जुन्या वस्त्यांची घरे पडून, त्यांच्यावर नवी उभी राहून ती साचत गेली. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी अशाच जुन्या वस्तीत उत्खनन केले. तिथली भांडी पक्क्या भाजणीची होती. लालसर-नारिंगी अंगावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी होती आणि टिचकी मारली तर धातूसारखा नाद येत होता. या भांड्यांवरूनच एका संपूर्ण संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव मिळाले. पुढे कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडता जवळजवळ सर्व महाराष्ट्रात तशीच भांडी सापडली. तापीच्या खोऱ्यातला आणि भीमेच्या खोऱ्यातला कुंभार एकाच घडणीचे भांडे घडवत होता, याचा अर्थ त्या गावांमध्ये जाणे-येणे होते, देवाणघेवाण होती.

हे अधिक बारकाईने कळले ते शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली आला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तिथे थराथराने उलगडली. पूर्व-जोर्वे काळात लोक चौकोनी घरांत राहत, सातू आणि डाळी पिकवत. त्यांनी पुराच्या पाण्यासाठी बांध आणि पाटही बांधला होता. कुंभाराचे घर आणि त्याचा आवाही सापडला. कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती, तर मोठे पाच खोल्यांचे घर धान्याच्या कोठाराजवळ. मोजणी-मापणीच्या नोंदींतून गावात कोण कुठे राहत होता, हे असे दिसू लागते.

भांड्यांचे आकार मोजकेच होते: मधोमध कड असलेला वाडगा, नळीसारख्या तोटीचे भांडे आणि पसरट तोंडाचा गोल घडा. तोटी ओतण्यासाठी आणि वाडगा पिण्या-खाण्यासाठी धरला, तर या घरांत पेजेसारखे पातळ पदार्थ रोजचे असावेत, असा माझा तर्क आहे. मृतांसोबतही बहुधा हीच जोडी ठेवलेली आढळते. जेवणाचे भांडे मरणातही सोबत दिले जात होते.

घरातली सगळीच भांडी मात्र अशी देखणी नव्हती. चाकावर फिरवलेल्या रंगीत भांड्यांशेजारी जाड, राखाडी, हाताने घडवलेले मोठे घडेही होते. मेलेले तान्हे मूल अशा दोन घड्यांत ठेवत. घड्यांची तोंडे एकमेकांना भिडवून ते आडवे करत आणि घराच्या जमिनीखालच्या खड्ड्यात पुरत. इनामगावातली बहुतेक दफने लहान मुलांचीच आहेत. मोठ्या माणसांना खड्ड्यात आडवे झोपवून पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली कापलेले आढळतात. चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात मात्र एक प्रौढ पुरुष बसलेल्या अवस्थेत सापडला, आणि त्याचे पाय शाबूत होते. मान कोणाला होता आणि शोक कसा व्यक्त होत होता, हे इथे मातीच्या भांड्यांवरूनच वाचता येते.

इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास इतर बहुतेक जोर्वे वस्त्या ओस पडल्या, इनामगाव मात्र टिकले. पण उत्तर-जोर्वे काळात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांचे आकार तेच राहिले, पण माती जाडीभरडी झाली आणि अंगावरची सफाई गेली. शेती मागे पडून शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावर भर आला. ढवळीकरांनी याचा संबंध घटत्या पावसाशी जोडला. २०११ साली ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांच्या अभ्यासाच्या आधारे या स्पष्टीकरणाला आव्हान दिले. कारणाबद्दल वाद आहे. ओढग्रस्तीबद्दल मात्र खापरे आणि झोपड्या एकच साक्ष देतात. तरीही त्या माणसांनी वाडग्याची कड आणि तोटीचा आकार सोडला नाही, हे मला विलक्षण वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भांड्यांवरून वंश शोधण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला. नर्मदाकाठच्या नावडातोलीची तोटीची भांडी इराणमधल्या सियाल्कसारख्या स्थळांच्या भांड्यांशी जुळतात, असे सांकलियांनी १९५५ साली दाखवले आणि आर्यांशी त्यांचा संबंध असू शकेल का, हा विचार मांडला. साम्य आहेच. पण एक आकार व्यापाराने, लग्नसंबंधाने किंवा नुसत्या नकलेनेही दूर पोहोचतो. भांडे भाषा बोलत नाही, जात सांगत नाही. इनामगावकर कोणती भाषा बोलत, हे एकाही खापरावर लिहिलेले नाही. आजच्या कोणत्याही समाजाने त्यांच्यावर आपला हक्क सांगणे म्हणजे मुक्या साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे होय.

आणि हा साक्षीदारच आज नाहीसा होतो आहे. पांढरीची माती शेतात खत म्हणून आणि बांधकामासाठी उपसली जाते. खापराचा अर्थ त्याच्या थरात असतो: ते कोणत्या जमिनीखाली, कोणत्या चुलीजवळ, कोणत्या हाडांशेजारी होते यात. ट्रॉलीत पडलेले खापर कितीही सुंदर असले, तरी ते केवळ रंगीत तुकडा उरते. म्हणून गावच्या टेकाडावर नक्षीचे खापर दिसले, तर घरी आणू नये. ते तिथेच राहू द्यावे, जागा लक्षात ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराची माहिती त्या जागेतच आहे.