चेनसॉ : क्रँकशाफ्टची ऑइल सील बदलणे

पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉच्या, म्हणजेच साखळी-करवतीच्या, दोन-धावी (टू-स्ट्रोक) इंजिनात क्रँकशाफ्टची दोन्ही टोके ज्या छिद्रांतून बाहेर येतात तेथे बसवलेल्या, रबरी ओठ असलेल्या कड्यांना ऑइल सील म्हणतात. ही कडी झिजल्यावर, कडक झाल्यावर किंवा फाटल्यावर ती काढून नवी बसवणे हे या यंत्राच्या दुरुस्तीतील अत्यंत जोखमीचे काम आहे. पिस्टनच्या वर-खाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा तो क्रँकशाफ्ट आणि तो ज्या बंद कोठीत फिरतो ती क्रँककेस होय. क्रँकशाफ्टच्या एका टोकावर चुंबक बसवलेले फ्लायव्हील (गतिपालक चक्र) असते व दुसऱ्या टोकावर क्लच असतो. त्यावरून कारागीर या दोन सीलना अनुक्रमे मॅग्नेटकडचे आणि क्लचकडचे सील म्हणतात. त्यांचे मुख्य काम तेल थोपवण्याचे नसून क्रँककेस हवाबंद राखण्याचे आहे, आणि ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच या बिघाडाचे निदान बहुधा चुकते.

दोन-धावी इंजिनात क्रँककेस हीच पंपाचे काम करते. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास पुढे आणलेल्या रचनेत पिस्टन वर जाताना त्याच्याखाली निर्वात निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून हवा व इंधन यांचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या मार्गांनी सिलिंडरमध्ये चढते. आजच्या चेनसॉचे इंजिन मूलतः याच तत्त्वावर चालते. त्यामुळे मिनिटाला १३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाच्या क्रँककेसमध्ये सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा निर्वात आणि दाब आलटून पालटून निर्माण होतात व दोन्ही सीलना हा उलटसुलट ताण सतत सोसावा लागतो. याच स्पंदनांवर डायफ्राम कार्ब्युरेटरचा छोटा इंधनपंपही चालतो, ज्याच्यामुळे करवत आडवी किंवा उलटी धरली तरी इंजिन बंद पडत नाही. म्हणजे सील गळू लागले की नको असलेली हवा आत शिरते आणि त्याच वेळी इंधन ओढणारे स्पंदनही दुबळे होते, असा दुहेरी तोटा होतो.

सीलची रचना साधी असते. बाहेर धातूचे, क्वचित रबराने मढवलेले कडे, आत दांड्याला चिकटून राहणारा पातळ ओठ आणि त्या ओठाला मागून आवळून धरणारी बारीक वेटोळ्याची स्प्रिंग, एवढेच तिचे भाग होत. ऑस्ट्रियन अभियंता वाल्टर झिमर यांनी जर्मनीतील फ्रॉइडेनबर्ग या कंपनीत १९२९ साली विकसित केलेल्या अशा कड्यात चामड्याचा ओठ होता. पुढे त्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. सर्वसाधारण सीलमध्ये नायट्राइल रबर वापरतात व ते सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, तर फ्लुओरोरबराचा (एफकेएम) ओठ सुमारे २०० अंशांपर्यंतची उष्णता सोसतो. सीलवर कोरलेले तीन आकडे, उदाहरणार्थ १५×२५×५, हे दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये दाखवतात. तथापि केवळ मापे जुळली म्हणून बाजारातील कोणतेही सील येथे चालत नाही, कारण १५ मि.मी. व्यासाचा दांडा मिनिटाला १३,००० फेरे घेतो तेव्हा ओठाखालून त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने सरकत असतो. पाण्याच्या पंपासाठी किंवा मंद फिरणाऱ्या यंत्रासाठी केलेले सील या वेगाने तापून थोड्याच काळात निकामी होते. येथे काटकसर करू नये.

सील झिजण्याची कारणे अनेक आहेत. लाकडाचा भुसा आणि साखळीला वंगण देणारे चिकट तेल यांचा लेप क्लचमागे साचतो व त्यातील कण ओठाखाली शिरून रबर खातात. मुख्य बेअरिंग सैल झाले असेल तर दांडा हलत फिरतो आणि ओठ त्याच्या मागे धावू शकत नाही. दीर्घकाळ वापराविना पडून राहिलेल्या यंत्रात ओठ कोरडा पडून कडक होतो, तर कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेत दांड्याच्या उघड्या भागावर गंज धरून त्याचा खरखरीत पृष्ठभाग कानशीप्रमाणे रबर कापतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील बागांमध्ये आंबा, नारळ, सुपारीची झाडे आडवी केली, तशा प्रसंगी वर्षभर कोपऱ्यात पडलेली करवत एकदम सलग अनेक तास चालवली जाते आणि कडक झालेले सील नेमके तेव्हाच दगा देते. इंधनाचाही येथे संबंध येतो. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर मिळू लागले. अनेक चेनसॉ-उत्पादक मात्र आपल्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉललाच मान्यता देतात, कारण त्याहून अधिक प्रमाण रबरी भागांना फुगवणारे व पाणी धरून ठेवणारे ठरू शकते.

गळतीची लक्षणे फसवी असतात. इंजिन आयडलिंगला, म्हणजे ट्रिगर सोडल्यावरच्या मंद गतीला, स्थिर राहत नाही. कधी रेस आपोआप वाढते, कधी ट्रिगर सोडूनही ती लगेच उतरत नाही, आणि करवत एका कुशीवर कलती केली की आवाज बदलतो. गरम इंजिन पुन्हा चालू होण्यास त्रास देते. बजाज चेतकसारख्या दोन-धावी स्कूटरवर काम केलेल्या कारागिरांना क्रँकचे ऑइल सील जाणे म्हणजे दाट धूर असे समीकरण परिचयाचे असते, कारण त्या गाडीत क्लचकडच्या सीलपलीकडे गिअरचे तेल असते व सील फाटले की इंजिन ते तेल पिऊ लागते. चेनसॉमध्ये दोन्ही सीलपलीकडे हवाच असते. त्यामुळे धूर निघत नाही, बाहेर काही ओघळत नाही, आणि नजरेला कोणतीही खूण न देता मिश्रणात हवा वाढत जाऊन ते कोरडे होत राहते. या इंजिनाला वंगणही इंधनात मिसळलेल्या तेलातूनच मिळते, म्हणजे ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल या प्रमाणात लिटरमागे २० मि.लि.; परिणामी इंधन कमी पडले की तेलही कमी पडते. अशा वेळी पिस्टन, विशेषतः एक्झॉस्टकडच्या सर्वांत तापणाऱ्या बाजूने, सिलिंडरच्या भिंतीला घासून ओरखडतो आणि शेवटी जाम होतो.

गळतीची अशी लक्षणे दिसताच कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून मिश्रण दाट करणे व रेस खाली आणणे हा सर्वत्र रूढ असलेला, परंतु घातक उपाय आहे. त्याने आयडलिंग काही काळ सुधारते. पण गळती तापमानानुसार आणि दांड्याच्या हलण्यानुसार बदलत असल्याने एकदा जुळवलेले प्रमाण भाराखाली टिकत नाही. मिश्रण स्वतः जुळवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटरच्या नव्या करवती लहानशी गळती काही मर्यादेपर्यंत झाकूही शकतात, म्हणून त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे लागते.

निदानाचा विश्वासार्ह मार्ग एकच, तो म्हणजे दाब व निर्वात यांची चाचणी. तिच्यासाठी एक्झॉस्टचे तोंड सायलेन्सरखाली रबरी पट्टी दाबून बंद करतात, कार्ब्युरेटर काढून तेथे तोटी असलेली झाकणपट्टी बसवतात, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह असल्यास त्याचे छिद्र बुजवतात, स्पार्क प्लग घट्ट ठेवतात आणि तोटीला हातपंप जोडतात. श्टील या चेनसॉ-उत्पादक कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकांत प्रथम सुमारे ०.५ बार दाब देऊन तो किमान २० सेकंद टिकतो का हे पाहण्यास, आणि नंतर ०.५ बार निर्वात निर्माण करून २० सेकंदांत तो ०.३ बारच्या खाली घसरत नाही ना हे तपासण्यास सांगितले आहे. इतर उत्पादकांचे आकडे थोडे वेगळे असल्याने त्या त्या मॉडेलची पुस्तिका पाहावी. दोन्ही चाचण्या घेण्याला कारण आहे. आतून दाब दिला असता तो ओठाला दांड्यावर आणखी आवळतो, म्हणून झिजलेले सीलही दाबाच्या चाचणीत पुष्कळदा उत्तीर्ण होते. निर्वातात मात्र आतला आधार नाहीसा होऊन ओठ दांड्यापासून उचलला जातो व दोष उघडा पडतो. केवळ दाब देऊन इंजिन निर्दोष ठरवणाऱ्या कारागिराची फसगत येथेच होते. चाचणी चालू असताना क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवावा व दोन्ही बाजूंना थोडा हलवून पाहावा, म्हणजे एका विशिष्ट स्थितीतच होणारी गळतीही सापडते. हवा निघण्याची जागा साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांनी कळते, आणि इनटेकची रबरी नळी, स्पंदननळी किंवा सिलिंडरच्या बुडाचे गॅस्केट यांपैकी कोणी दोषी निघाल्यास सीलना हात लावण्याचे कारण उरत नाही.

सील काढण्यापूर्वी यंत्र स्वच्छ धुऊन पुसावे, कारण सील निघाल्यावर छिद्रातून पडलेला भुशाचा एक कणही थेट बेअरिंगमध्ये जातो. क्लच सोडवण्यासाठी क्रँकशाफ्ट अडवावा लागतो. त्याकरिता प्लगच्या छिद्रातून प्लॅस्टिकचा पिस्टन-रोधक किंवा गाठ मारलेली दोरी सोडतात, परंतु पिस्टनने एक्झॉस्टचे तोंड झाकल्यावरच दोरी आत घालावी, अन्यथा ती तोंडाच्या कडेत अडकून तुटते. स्क्रूड्रायव्हरने पिस्टन अडवू नये. क्लचचे आटे बहुतेक मॉडेलांत उलटे, म्हणजे डाव्या हाताचे असतात, जेणेकरून चालताना भाराने तो सैल न होता घट्ट होत जावा. म्हणून तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडवतात. त्यानंतर ड्रम, सुई-बेअरिंग, तेलपंप व त्याचा वर्मगिअर काढल्यावर सील दिसते. मॅग्नेटच्या बाजूला स्टार्टरचे झाकण व इग्निशन कॉइल काढून फ्लायव्हीलचा नट सोडवतात आणि फ्लायव्हील पुलरने ओढून काढतात. त्यावर हातोडा मारल्यास ॲल्युमिनियमची पाती तुटतात किंवा क्रँकशाफ्ट वाकतो.

जुने सील आकड्याच्या हत्याराने कडेकडेने उचलून काढणे सर्वांत सुरक्षित आहे. सीलच्या धातूत छोटा स्क्रू रुतवून तो पकडीने ओढण्याची रीतही प्रचारात आहे, मात्र स्क्रू खोल गेल्यास मागच्या बेअरिंगला इजा होते. कोणत्याही रीतीत दांड्यावर ओरखडा उठता कामा नये, कारण ओठाच्या मार्गातील केसाएवढी रेघही नव्या सीलला कायमची गळती लावते. दांडा पुसून नखाने चाचपावा. गंजाचे डाग अतिबारीक पॉलिश कागदाने परिघाच्या दिशेने काढावेत, आणि ओठाने खाच पाडली असल्यास, जागा असेल तर, नवे सील किंचित मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणावा. याच वेळी दांडा वर-खाली हलवून बेअरिंगची ढिलाई पाहणे अनिवार्य आहे. सैल बेअरिंगवर नवे सील बसवणे व्यर्थ असते. अशा वेळी क्रँककेस उघडून बेअरिंग बदलावेच लागते.

नव्या सीलची उघडी, स्प्रिंग दिसणारी बाजू क्रँककेसकडे ठेवतात. ओठाला ग्रीस लावतात, जेणेकरून पहिल्या काही फेऱ्यांत तो कोरडा घासला जाणार नाही. दांड्याच्या आट्यांवर व चावीच्या खाचेवर गुळगुळीत संरक्षक नळी चढवून तिच्यावरून सील सरकवतात, कारण बसवतानाच कापला गेलेला ओठ हे नव्या सीलच्या अपयशाचे नेहमीचे कारण आहे. बाहेरचे कडे नुसत्या धातूचे असेल तर त्याला सीलंटचा अगदी पातळ थर देतात. नंतर कड्याच्या बाहेरच्या काठावरच टेकेल अशा नळीने सील सर्व बाजूंनी सारखे दाबत पूर्वीच्या खोलीपर्यंत नेतात. एका बाजूने ठोकलेले सील तिरके बसते. श्टीलच्या पुस्तिकांनुसार सील बसवल्यावर सुमारे एक मिनिट थांबून क्रँकशाफ्ट काही वेळा फिरवतात, म्हणजे ओठ आपली जागा घेतो. एकाच बाजूचे सील गळत असले तरी दोन्ही बदलावीत, कारण दोघांचे वय आणि सोसलेली उष्णता सारखीच असते.

श्टीलच्या एमएस १७०, एमएस १८० यांसारख्या लहान करवतींत ही रीत लागू पडत नाही. त्यांत सिलिंडरच्या बुडाला तळझाकण बोल्टांनी जोडलेले असते व सील या दोन भागांमध्येच धरलेली असतात. म्हणून इंजिन सांगाड्यातून बाहेर काढून, तळझाकण उघडून, क्रँकशाफ्टवर नवी सील चढवून आणि जोडाच्या पृष्ठभागावर इंधन सोसणारे सीलंट लावून सगळे पुन्हा बांधावे लागते. वेळ जास्त जातो, पण त्या निमित्ताने बेअरिंग व पिस्टन यांची पूर्ण तपासणी होते.

जोडणी करताना फ्लायव्हीलचे निमुळते छिद्र व दांड्याचा निमुळता भाग तेल-ग्रीस पुसून कोरडे करावे लागतात, नाहीतर फ्लायव्हील घसरून प्रज्वलनाची वेळ चुकते. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातील फट बहुतेक मॉडेलांत ०.२ ते ०.३ मि.मी. ठेवतात. क्लच व फ्लायव्हील चढवण्यापूर्वीच दाब व निर्वात यांची चाचणी पुन्हा घेतल्यास, काही चुकले असेल तर सगळे पुन्हा उघडावे लागत नाही. इंजिन चालू केल्यावर गळती झाकण्यासाठी पूर्वी फिरवलेले कार्ब्युरेटरचे स्क्रू पुस्तिकेतील मूळ स्थितीवर आणून तेथून नव्याने जुळवणी करतात. आयडलिंगला साखळी पूर्ण थांबलेली असली पाहिजे. एक्झॉस्टच्या तोंडातून पाहता पिस्टनवर उभे ओरखडे दिसत असतील, तर सील बदलूनही कॉम्प्रेशन परत येत नाही आणि पिस्टन, रिंगा व बहुधा सिलिंडरही बदलावा लागतो.