मेथीच्या वासाची कुळकथा

वऱ्हाडात पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते, आणि माहेरच्या त्या खोलीचा वास ठरलेला असतो. शेगडीवर टाकलेला ओवा, बाळंतशेपा, अंगाला लावलेलं तेल, दूध आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी करपलेल्या गुळासारखं. लाडू सुरू झाले की हा तळाचा वास वर येतो आणि खोलीतून कपड्यांत उतरतो. दुपटी धुवायला घेणारी बाई नाकही न मुरडता सांगून टाकते, "लेकराच्या दुपट्याले मेथीचा वास येऊन राह्यला." तिच्या लेखी ही तक्रार नसते. लाडू अंगी लागल्याची ती पावती असते.

लाडू खाल्ले आईनं आणि वास आला लेकराच्या लघवीला, ही गोष्ट अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांत इतकी सरावाची आहे की तिच्याबद्दल कोणी दुसरं वाक्य बोलत नाही. वैद्यकाला मात्र हीच गोष्ट नीट उलगडायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली, आणि त्याच सुमारास तिनं एक-दोन ठिकाणी डॉक्टरांची चांगलीच धांदल उडवली.

आधी लाडवांकडे बघू, कारण मूळ तिथं आहे. मेथीदाणा मंद आचेवर भाजायचा, तांबूस होईपर्यंतच. हात जरा पुढं गेला की कडू जहर. मग दळायचा आणि ते पीठ तुपात कालवून तीन-चार दिवस झाकून ठेवायचं. तुपात मुरलं की कडूपणाची धार बोथट होते. खारीक, खोबरं, खसखस, सुंठ, पिंपळमूळ ही मंडळी नंतर येतात. डिंक धावड्याचा, मेळघाटच्या रानातला, तुपात तळून लाह्यांसारखा फुलवलेला. पिंपळमूळ जिचं त्या पिंपळीसाठी तर वऱ्हाडाला लांब जायलाच नको, अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडचे पानपिंपरीचे मळे घरचेच. गूळ आणि मेथीदाणा मात्र बाहेरचे. वऱ्हाडातली मेथी हिवाळ्यात भाजीसाठी पेरली जाते आणि कोवळी असतानाच जुडी बांधून बाजारात जाते. लाडवाचा दाणा माळव्यातून, राजस्थानातून येतो. या कथेत भाजी आणि दाणा यांतला हा फरक महत्त्वाचा, कारण वासाचा कारभार मुख्यतः दाण्याचा आहे. मेथीची भाजी आणि भाकरी खाऊन असा वास फारसा येत नाही.

मेथी मूळची भूमध्य समुद्राच्या आसपासची आणि पश्चिम आशियातली. रोमन शेतीवर लिहिणाऱ्या केटोनं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ती बैलांच्या वैरणीत मोजली आहे. तिच्या शास्त्रीय नावातही 'ग्रीक गवत' असाच अर्थ दडलेला आहे. म्हणजे माणसाच्या ताटात तिचा जितका मान, तितकाच जनावरांच्या दावणीत. आपल्याकडेही गाय-म्हैस व्याली की सरकी-ढेपेच्या जोडीला गूळ आणि शिजवलेली मेथी दिली जाते. बाईचं बाळंतपण आणि म्हशीचं बाळंतपण यांत आपल्या जुन्या गृहिणींनी फार फरक केला नाही. मेथी भरपूर खाणाऱ्या जनावराच्या दुधाला तिचा वास लागतो, हे दूध काढणाऱ्याला सांगावं लागत नाही. मेथीनं दूध वाढतं या समजुतीला शास्त्राचा आधार अजून कच्चा आहे. वास दुधात उतरतो याबद्दल मात्र वाद नाही.

हा वास आहे कशाचा? १९७३मध्ये मेथीदाण्यात एक वेगळं अमिनो आम्ल सापडलं, ४-हायड्रॉक्सीआयसोल्यूसीन. ते फारसं कुठं आढळत नाही. त्याच्यापासून तयार होतं सोटोलोन, आणि वासाचा खरा धनी हे सोटोलोन. अब्जात एखाद-दुसरा भाग असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. दाट असेल तर मेथीचा, मसाल्याचा वास. विरळ असेल तर जळक्या साखरेचा, काकवीचा. बाळंतिणीजवळ मेथीचा भपकारा आणि दुपट्यावर गुळाची झाक, हे एकाच पदार्थाचे दोन चेहरे.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जपानी संशोधकांना १९८०मध्ये सोटोलोन सापडलं ते मेथीत नव्हे, उसाच्या कच्च्या साखरेत. गुळाला गुळाचा वास देणाऱ्या पदार्थांत ते आहे. म्हणजे लाडू वळणारी बाई जेव्हा मेथीच्या पिठावर गूळ ओतते तेव्हा ती कडूवर गोड घालत असते, हे खरंच. पण नाकाच्या हिशेबानं ती दोन चुलतभावांना एका परातीत बसवत असते. हे लाडू कडू असूनही विजोड लागत नाहीत, यामागे हे नातंही असावं असं मला वाटतं.

पोटात गेल्यावर शरीर सोटोलोनचा फारसा उपयोग करत नाही. ते रक्तात शिरतं आणि जे दार उघडं मिळेल तिथून बाहेर पडतं: लघवी, घाम, आणि बाळंतीण असेल तर दूध. दुधातून बाळाकडे, बाळाकडून दुपट्यावर. परदेशात दूध वाढवायला मेथीच्या कॅप्सूल घेणाऱ्या आयांना तर घामाला-लघवीला गोडसर वास येऊ लागला की मात्रा पुरेशी झाली, असं सांगितलं जातं. म्हणजे दुपटी धुणारीची पावती तिकडेही चालते.

लघवीकडे लक्ष द्यायची सवय आपल्याकडे जुनी. चरक आणि सुश्रुत दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार, आणि ते ओळखायच्या खुणांत रंगाबरोबर वासही धरला. क्षारमेहात लघवीला क्षाराचा वास, मांजिष्ठमेहात कच्च्या मांसासारखा. लघवीला मुंग्या लागतात हे मधुमेहाचं लक्षण तर वैद्याच्या पोथीतून निघून थेट घराघरांत गेलं. योगरत्नाकर या वैद्यकग्रंथात लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो ते पाहायची परीक्षाही आहे. पण हा सगळा रोग्याचा तपास. निरोगी माणसानं काल काय खाल्लं हे लघवीवरून ओळखायचं खातं पोथीत मोठं नव्हतं. ते स्वयंपाकघरात आणि धुण्याच्या दगडावर राहिलं.

पाश्चात्त्य वैद्यकात हा वास उलट्या बाजूनं शिरला, रोग म्हणून. १९५४मध्ये जॉन मेंकेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबातल्या चार भावंडांची हकिगत प्रसिद्ध केली. चौघंही जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत दगावली होती आणि त्यांच्या लघवीला मेपल सिरपचा वास येत होता. मेपल सिरप म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मेपल झाडाचा रस आटवून केलेला पाक. आपल्याकडे हाच आजार आधी कळला असता तर त्याला काकवीचं नाव मिळालं असतं. या आजारात ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं पचवणारं विकर जन्मतःच नीट चालत नाही, आणि ती साचून मेंदूला विष होतात. जगात साधारण पावणेदोन-दोन लाख जन्मांमागे एक, इतका तो दुर्मीळ. पुढे १९९९मध्ये कळलं की या आजारातल्या लघवीचा वासही सोटोलोनचाच. एक वाट मेथीदाण्यातून येते, दुसरी बिघडलेल्या पचनातून. दोन्हींच्या तोंडाशी आयसोल्यूसीनचं घराणं आणि शेवटी वास एकच.

मग घोळ होणारच होता. त्याच १९९९ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी पाच आठवड्यांच्या एका इजिप्शियन बाळाची हकिगत छापली. बाटलीनं चहा पिताना बाळ काही मिनिटं बेशुद्ध झालं म्हणून त्याला दवाखान्यात आणलं होतं. तपासणीत बाकी सगळं ठीक, पण अंगाला आणि लघवीला तो वास. मेपल सिरपच्या आजाराचा संशय आला, चाचण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी उलगडा झाला तो बाटलीतल्या चहावरून. तो होता हेल्बा, म्हणजे मेथीचा काढा. बाळाच्या पोटातल्या वाऱ्यावर इजिप्तमध्ये हा घरगुती उपाय आहे. २००१मध्ये इस्रायलमधूनही असाच अनुभव प्रसिद्ध झाला. तिथं बाळंत होण्यापूर्वी आयांनी मेथी खाल्ली होती आणि बाळं जन्मतःच तो वास घेऊन आली होती. म्हणजे नाळेतूनही तो जातो. अशा वेळी घरात दुपटी धुणारी कोणी असती तर प्रयोगशाळेचा खर्च वाचला असता, असं म्हणायचा मोह होतो. पण तो आवरावा, कारण डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं आणि त्यात हा वास असेल, तर "मेथीचाच असन" म्हणून घरी थांबणं जिवावर बेततं. वऱ्हाडातल्या बाळालाही तो दुर्मीळ आजार होऊ शकतो.

माणसाच्या शरीराबाहेर याच वासानं अख्ख्या शहराला कामाला लावल्याचंही उदाहरण आहे. २००५पासून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अधूनमधून हवेत मेपल सिरपचा वास पसरायचा. लोक धास्तावून फोन करायचे. विषारी वायू असेल, घातपात असेल. २००९च्या फेब्रुवारीत महापौर ब्लूमबर्ग यांनी उलगडा जाहीर केला: नदीपलीकडे न्यू जर्सीत फ्रुटारोम कंपनीच्या कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया होत होती आणि वारा तसा असला की वास शहरावर यायचा. अकोल्याच्या एखाद्या आजीला तिथं नेलं असतं तर तिनं विचारलं असतं, कोणाकडं बाळंतपण हाय?

युरोपात लघवीच्या वासाची चर्चा झाली की मेथीचं नाव निघत नाही, निघतं शतावरीच्या कोवळ्या कोंबांचं. ही शतावरी आपली नव्हे. आपण मेळघाटातून आणतो ती मुळं वेगळ्या जातीची आणि ती औषधात जातात. युरोपात कोंबांची भाजी करतात. ते खाल्ल्यावर लघवीला सडक्या कोबीसारखा वास येतो. १८९१मध्ये नेंकी या पोलिश रसायनशास्त्रज्ञानं चार जणांना शतावरी खाऊ घालून हा मिथेनथायॉल या गंधकयुक्त वायूचा वास असल्याचं ठरवलं. नंतरचा वाद जास्त मजेदार. काहींच्या लघवीला वास येतो आणि काहींच्या नाही, असं आधी वाटत होतं. मग लक्षात आलं की काहींना तो वास घेताच येत नाही. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जवळपास सात हजार अमेरिकनांच्या पाहणीत दहातल्या सहा जणांना आपल्या लघवीचा हा वास जाणवत नव्हता, आणि कारण निघालं गंध ओळखणाऱ्या जनुकांत.

वऱ्हाडी ताटात गंधकाची बाजू सांभाळतो तो लसूण. हिरव्या मिरचीचा ठेचा तव्यावर परतून वरवंट्यानं रगडताना त्यात पडणाऱ्या पाकळ्या मोजायची पद्धत नाही. लसणातून शरीरात अलाइल मिथाइल सल्फाइड तयार होतं. ते तोंडाच्या वासात असतंच, पण रक्तातून फुफ्फुसात जाऊन श्वासातूनही येत राहतं. म्हणून ठेचा खाऊन कितीही चुळा भरल्या तरी उपयोग नाही. २०१६मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी कच्चा लसूण खाल्लेल्या माणसांच्या लघवीत हे सल्फाइड आणि त्याची दोन भावंडं मोजली. खाल्ल्यावर एक-दोन तासांत त्यांचं प्रमाण चढतं, आणि काहींत सहा-आठ तासांनी पुन्हा एकदा. बाळंतिणीच्या दुधातही हा वास उतरतो. फिलाडेल्फियात १९९१मध्ये झालेल्या प्रयोगात आईनं लसूण घेतला तेव्हा बाळं अंगावर जास्त वेळ राहिली होती. लसणाचं दूध लेकराला बाधतं म्हणून बाळंतिणीच्या ताटातला ठेचा उचलून नेणाऱ्या सासवांना हे कोणी सांगावं, हा प्रश्न वेगळा.

राहिला पाण्याचा भाग. वास देणारा पदार्थ तेवढाच असला तरी लघवी जितकी दाट तितका तो नाकाला जास्त भिडतो. जुन्या बाळंतपणात बाईला पाणी मोजून देत. तहान लागली तर सुपारी चघळायला द्यायची, पण तांब्या भरून द्यायचा नाही. त्यामुळे मेथीचा वास गडद व्हायला तेही कारण. त्यात अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या वर, घामानंच अंगातलं पाणी सरलेलं. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणी खारट, ते नकोसं वाटतं म्हणून माणसं कमी पितात. तिथं कोणाच्या लघवीला वास आला की मेथी, लसूण यांची चौकशी करण्याआधी दिवसभरात किती तांबे पाणी पोटात गेलं ते विचारावं लागतं. आणि मेथीचे लाडू हिवाळ्यात करायचे, उन्हाळ्यातल्या बाळंतिणीला ते बेतानं द्यायचे, ही घरोघरची शिस्त मेथी उष्ण पडते म्हणून पाळली जाते. वासाचा विचार त्यात कोणी केलेला नाही.