ज्या ध्वजाला एकदा बंदी होती

महाराष्ट्राच्या इतर भागांत वर्षातून तीन वेळा शासकीय ध्वजवंदन होते : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आमच्या मराठवाड्यात ते चार वेळा होते. चौथा दिवस १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. वसई-मुंबईकडून इकडे येणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मभगिनींना पहिल्या वर्षी या चौथ्या ध्वजवंदनाचे नवल वाटते. आम्हांलाही ते वाटले होते.

अशाच एका १७ सप्टेंबरला, बीड जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात, ध्वजवंदन आटोपून तरुण मंडळी चहासाठी थांबली होती. बोलता बोलता ध्वजाच्या अपमानाचा विषय निघाला. कोणी ध्वज जाळला तर काय शिक्षा द्यावी, कोणी राष्ट्रगीत म्हटले नाही तर त्याचे काय करावे, यावर हिरिरीने मते मांडली जाऊ लागली. एक उत्साही तरुण म्हणाला, "फादर, जो राष्ट्रगीत म्हणत नाही, त्याला या देशात ठेवूच नये." इतरांनी माना डोलावल्या. आम्ही त्याला एवढेच विचारले, "तुझ्या पणजोबांच्या वेळी या गावावर कोणते निशाण फडकत होते?" त्याला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी चहा संपला, पण प्रश्न आमच्या मनात राहिला. त्याचेच उत्तर येथे मांडण्याचा हा प्रयत्न.

बीडवर तेव्हा निजामाच्या असफजाही राजवटीचे पिवळे निशाण होते. त्याच्या मध्यभागी कुलच्याचे, म्हणजे गोल भाकरीसारख्या रोटीचे चिन्ह असे. घराण्याच्या मूळ पुरुषाला एका सत्पुरुषाने कुलचे खाऊ घातले, त्याने सात खाल्ले आणि सात पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद मिळाला, अशी आख्यायिका सांगितली जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात लोक ज्या थोड्याफार मोकळेपणाने सभा भरवीत, तो मोकळेपणा या राज्यात नव्हता. 'गश्ती निशान ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकमाने सार्वजनिक सभांना सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. बोलण्याआधीच तोंड बंद करण्याचा हा प्रकार होता.

अशा काळात आमच्या जिल्ह्यातील अंबाजोगाईला एक संन्यासी शिक्षक म्हणून आला. गावाला निजामी कागदपत्रांत 'मोमिनाबाद' म्हणत. शिक्षकाचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. संन्यासानंतरचे नाव स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतील कार्यानंतर स्वामीजींनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाची धुरा सांभाळली आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासोबत उभे राहिले. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मातृभाषेतून शिकविणारी खाजगी शाळा चालविणे हेच त्या काळी धाडस होते. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली व सत्याग्रहात उडी घेतली.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'वंदे मातरम्'चे प्रकरण घडले. तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालयाच्या व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थी आपल्या प्रार्थनेत हे गीत म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. गीतामुळे इतरांच्या भावना दुखावतात व शांतता बिघडते, असे कारण देण्यात आले. विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडोंना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले, म्हणून त्यांतील अनेकांचे शिक्षण वाचले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकी एक. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी : १९३८ मध्ये आमच्या प्रदेशातील मुलांना एक गीत गायल्याबद्दल शाळेबाहेर जावे लागले. याच्या नेमकी उलट गोष्ट पुढे येणार आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील आपल्या गोमंतकीय बांधवांचा अनुभव निराळा नव्हता. पोर्तुगीज सत्तेखाली परवानगीवाचून सभा घेता येत नसे. ती मनाई मोडण्यासाठी १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शेजारी डॉ. जुलियांव मिनेझिस हे कॅथलिक गृहस्थ होते.

१९४७ साल उजाडले. इंग्रज जाणार हे ठरले. पण निजामाने स्वतंत्र राहण्याचा पवित्रा घेतला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने 'भारतात सामील व्हा' हा दिवस पाळला आणि संस्थानात तिरंगा फडकावणे हाच सत्याग्रह झाला. १५ ऑगस्टला दिल्लीत ज्या ध्वजाला तोफांची सलामी मिळत होती, तोच ध्वज बीड, परभणी, नांदेड या जिल्ह्यांत उभारणाऱ्याच्या हातात बेड्या पडत होत्या. त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. ध्वज तोच, कापड तेच, रंग तेच. सरहद्दीच्या अलीकडे तो गुन्हा आणि पलीकडे तो मान. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने आमचे पणजोबा 'राजद्रोही' होते, हे आपण विसरता कामा नये.

तेव्हा निष्ठेची विभागणी धर्माप्रमाणे झाली होती, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. शोएबुल्ला खान हा तरुण पत्रकार हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक चालवीत असे. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे तो निर्भयपणे लिही. काही प्रतिष्ठित मुस्लिम गृहस्थांनी त्याच आशयाचे निवेदन काढले, तेही त्याने छापले. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री घरी परतताना रझाकारांनी त्याच्यावर हल्ला केला. ज्या हातांनी तो लिहीत असे, ते तोडण्यात आले आणि त्याचा अंत झाला. भारतासाठी आणि लेखणीच्या स्वातंत्र्यासाठी एकाच वेळी प्राण देणारा हा माणूस आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही, याची खंत वाटते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. गावोगावी तिरंगा फडकला. रझाकारांच्या जाळपोळीने होरपळलेल्या जनतेने सुटकेचा निःश्वास टाकला. येथे आमच्या इतिहासाचे पान बहुधा मिटविले जाते. पण सत्य सांगायचे तर आणखी एक पान उलटावे लागते. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व आसपास सामान्य मुस्लिम कुटुंबांवर सूड उगविण्यात आला. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठविले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज संपूर्ण संस्थानासाठी २७,००० ते ४०,००० असा दिला आहे आणि झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत बीडचेही नाव आहे. कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिम कुटुंबांना आश्रय देऊन वाचविले, हेही त्यात नोंदले आहे. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. ज्यांनी मारले तेही तिरंग्याचा जयजयकार करीत असतील आणि ज्यांनी वाचविले त्यांनी कदाचित कोणतीच घोषणा दिली नसेल. त्या दिवसांत ध्वजाचा मान कोणी राखला?

आता जाळण्याच्या प्रश्नाकडे वळू. निषेधासाठी काही जाळणे आपल्याकडे नवे नाही. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. १९२१ मध्ये गांधीजींनी मुंबईत परळला ती पेटविली. २५ डिसेंबर १९२७ रोजी, आपल्या नाताळाच्याच दिवशी, महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे १९५७ मध्ये मद्रास राज्यात पेरियार यांच्या अनुयायांनी राज्यघटनेच्या प्रती जाळल्या व हजारो लोक तुरुंगात गेले. घटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर स्वतः १९५३ मध्ये राज्यसभेत उद्वेगाने म्हणाले होते की, ही घटना जाळण्यास आपण सर्वांत पुढे असू. त्यांना देशद्रोही म्हणण्याचे धाडस कोण करील?

१९७१ मध्ये संसदेने राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा केला. सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रध्वज किंवा राज्यघटना जाळणे, फाडणे, तुडविणे यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. तो आपल्या देशाचा कायदा आहे आणि तो पाळणे आपले कर्तव्य आहे. पण त्याच कलमाला जोडलेले स्पष्टीकरण फारच थोडे लोक वाचतात. राज्यघटनेत, ध्वजात किंवा सरकारच्या धोरणांत सनदशीर मार्गाने बदल व्हावा, या हेतूने केलेली टीका वा नापसंती हा गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते. म्हणजे कायद्यानेच अवमान आणि असहमती यांच्यामध्ये रेघ ओढली आहे. ती पुसण्याची घाई आपल्यालाच होते.

अमेरिकेने ही रेघ आणखी पुढे नेली. १९८४ मध्ये डल्लास शहरात एका निदर्शकाने राष्ट्रध्वज जाळला. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कृत्य भाषणस्वातंत्र्यात बसते, असा निर्णय दिला. त्या वेळच्या खंडपीठातील ब्रेनन, स्कालिया व केनेडी हे तिन्ही कॅथलिक न्यायाधीश बहुमताच्या बाजूने होते. केनेडी यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिले की, आपल्याला न आवडणारा निर्णयही कायद्यासाठी द्यावा लागतो. भारतात तो निर्णय लागू नाही आणि तसा कायदा आपण करावा, असेही आमचे म्हणणे नाही. एवढेच सांगायचे आहे की, ध्वजावर प्रेम करणारी सुबुद्ध माणसे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना असू शकतात.

आता ती उलटी गोष्ट. जुलै १९८५ मध्ये केरळातील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. ती यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातील होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. मात्र आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. त्यांनी कोणाच्या गाण्यात व्यत्यय आणला नव्हता. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. चिन्नप्पा रेड्डी व न्या. दत्त यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे हाही सन्मान आहे, कोणत्याही कायद्याने गाण्याची सक्ती केलेली नाही आणि आपली परंपरा सहिष्णुता शिकविते, असा त्या निर्णयाचा आशय होता. यहोवाच्या साक्षीदारांची शिकवण आपल्याला मान्य नाही, हे सर्वश्रुत आहे. पण राजाने उभारलेल्या सुवर्णमूर्तीपुढे न वाकलेल्या दानिएलाच्या तीन मित्रांची कथा आपण मुलांना सांगतो. मग केरळातील या तिघांकडे आपण कोणत्या तोंडाने बोट दाखवावे?

१९३८ मध्ये गाणाऱ्या मुलांना काढले. १९८५ मध्ये न गाणाऱ्यांना काढले. पहिल्या वेळी सत्ता निजामाची होती; दुसऱ्या वेळी शाळा स्वतंत्र भारतातील होती. दोन्हीकडे चूक एकच : मनातली निष्ठा हुकमाने मोजता येते, हा समज. फरक एवढाच की, निजामाच्या राज्यात त्या मुलांना दाद मागण्यासाठी राज्याबाहेर नागपूरला जावे लागले. तिरंग्याच्या राज्यात न्याय तिरंग्याखालीच मिळाला. आमच्या मते १७ सप्टेंबरचा खरा विजय हाच.

सामान्य नागरिकाला वर्षभर आपल्या घरावर ध्वज लावण्याची मोकळीक २००२ च्या ध्वजसंहितेने दिली आणि तो मान राखून फडकावणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नवीन जिंदल यांच्या खटल्यात सांगितले. ज्या संहितेने हे दिले, तीच असेही सांगते की, ध्वज फाटला किंवा जीर्ण झाला तर तो एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानपूर्वक नष्ट करावा. आपल्याला हे विचित्र वाटण्याचे कारण नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आशीर्वादित झावळ्या आपणही जाळतो आणि राखेच्या बुधवारी ती राख कपाळी लावतो. आग तीच असते. हेतू निराळा असतो. आणि हेतू जाणून घ्यायचा तर समोरच्याला आधी बोलू द्यावे लागते.

आमच्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जातात. २६ जानेवारीला त्यांची मुले शाळेच्या पटांगणात नसतात; ती फडावर, कोपीत असतात. एखादी माउली म्हणते, "फादर, आमच्या लेकरांचं झेंडावंदन उसातच." त्या बोलण्यात सरकारबद्दल तक्रार असते, ध्वजाबद्दल माया असते. तिचे बोलणे ऐकून घेणे आणि तिच्या लेकरासाठी काही करणे, हे पटांगणात ताठ उभे राहण्यापेक्षा कठीण आहे.

त्या तरुणाला आम्ही नंतर हे सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे फादर, आमच्या पणजोबांनाही कोणीतरी म्हणाले असेल की, याला देशात ठेवू नका." आम्ही म्हणालो, "म्हणालेच होते."